बिबट्या वनखात्याचा, मग गिधाड कुणाचं? वन्यजीव कायद्यात सरकारवर नक्की काय बंधन आहे

गंगापूर रोडच्या एखाद्या बंगल्याच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की तासाभरात तो व्हिडिओ अख्ख्या नाशकाच्या मोबाईलवर असतो आणि त्याखाली ठरलेलं वाक्य, वनखातं झोपलंय का. निफाड-सिन्नर-दिंडोरीकडे हेच वाक्य जास्त रागाने येतं, कारण तिकडे प्रश्न व्हिडिओचा नसतो, रात्री लाईट आल्यावर उसाला पाणी द्यायला जायचं की नाही याचा असतो, लेकराला अंगणात एकटं सोडायचं की नाही याचा असतो. राग चुकीचा नाहीच. पण त्या रागात सगळ्यांनी एक गोष्ट धरून चाललेली असते, की जंगली प्राणी म्हटला की वनखातं, विषय संपला.

कायदा वाचला तर गोष्ट इतकी सरळ नाहीये. काही ठिकाणी वनखात्याच्या हातात फारच थोडं असतं आणि खरी किल्ली जलसंपदा विभागाकडे, महापालिकेकडे, महावितरणकडे, एवढंच काय औषधांना परवानगी देणाऱ्या खात्याकडे असते. आणि आपला कायदा सरकारला "हे करू नका, करू देऊ नका" असं फार ठणकावून सांगतो, पण "हे कराच" असं सांगायची वेळ आली की त्याचा आवाज बारीक होतो. हा लेख त्या बारीक झालेल्या आवाजाबद्दल आहे.

आधी यादी समजून घेऊ

मूळ कायदा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या शेवटी याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात, बोलताना सगळे शेड्यूलच म्हणतात. आधी सहा शेड्यूल होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती चार झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवीन याद्या लागू झाल्या. पहिल्या शेड्यूलमध्ये सगळ्यात कडक संरक्षण, दुसऱ्यात त्याहून थोडं कमी, तिसरं वनस्पतींचं आणि चौथं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात येणाऱ्या प्रजातींचं.

बिबट्या, गिधाडं, माळढोक, आपल्या येवल्याच्या ममदापूर-राजापूरकडची काळवीटं, सगळे शेड्यूल एकमध्ये. मोरही. आता मोर काही संपत आलेला पक्षी नाही, जगभरातल्या धोक्यातल्या प्रजातींची जी रेड लिस्ट निघते तिच्यात तो निवांत आहे, तरी आपल्याकडे तो पहिल्या यादीत आहे कारण तो राष्ट्रीय पक्षी. म्हणजे रेड लिस्ट वेगळी आणि आपलं शेड्यूल वेगळं, एखादा प्राणी जगात धोक्यात आला म्हणून आपल्याकडे आपोआप संरक्षण सुरू होत नाही आणि उलटही नाही. शेड्यूलमध्ये नाव घालायचा किंवा काढायचा अधिकार केंद्र सरकारचा. शेड्यूल एकमधल्या प्राण्याची शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

हे झालं आपल्यावरचं बंधन. सरकारवरचं कुठे आहे? राज्यघटनेत आहे, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कलम ४८-अ आलं, की राज्य पर्यावरणाचं आणि वन्यजीवांचं रक्षण करायचा प्रयत्न करेल. त्याच वेळी हा विषय समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. पण ४८-अ मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बसतं, आणि नुसत्या मार्गदर्शक तत्त्वावर बोट ठेवून कोर्टाकडून अंमलबजावणी मागता येत नाही असं घटनाच सांगते. त्यामुळे कोर्टाने हे कलम जीविताच्या हक्काशी जोडून वापरलं, तेव्हा कुठे त्याला दात आले.

पिंजरा लावायला नागपूरकडे का बघावं लागतं

गावात बिबट्या आला, लोक जमले, फॉरेस्ट गार्ड आला, आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल साहेब आले, आणि लोक म्हणतात पिंजरा लावा, तर साहेब म्हणतात परवानगी मागवलीय. इथे डोकं फिरतं माणसाचं, साहजिक आहे. पण साहेब टाळाटाळ करतातच असं नाही.

या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, सापळा लावणं, पकडणं, हाकलत नेणं, आमिष ठेवणं हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे सरकारी पिंजरासुद्धा परवानगीशिवाय लावला तर ती शिकारच. आणि शेड्यूल एकच्या प्राण्यासाठी ही परवानगी कलम ११ खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, राज्यात हे पद एकच, ऑफिस नागपूरला. त्याने लेखी आदेश काढायचा, कारणं लिहायची, आणि आधी त्याची खात्री पटली पाहिजे की हा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय किंवा तो इतका जखमी वा आजारी आहे की बरा होणार नाही. मारायचा आदेश तर आणखी पुढची पायरी, पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही, हे तिन्ही झाल्यावरच.

एक गोष्ट मात्र गावोगाव चुकीची पसरलीय ती सांगतो. बिबट्या अंगावर आला आणि जीव वाचवताना तो मेला तर गुन्हा होत नाही, त्याच कलमात स्वसंरक्षणाची तरतूद आहे. फक्त ते खरंच स्वसंरक्षण हवं, आठ दिवसांनी जाऊन विष टाकलं तर ते यात बसत नाही.

आणि पकडून लांब सोडून द्या म्हणणाऱ्यांसाठी जुन्नरचा अनुभव. २००० नंतरच्या काही वर्षांत तिकडे बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला होता आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण अनोळखी जागी सोडलेलं जनावर बावचळतं, परत फिरतं, वाटेतल्या गावात शिरतं. पुढे २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात सरसकट पकडापकडी नको हेच सांगितलं. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडली की वनखातं ती त्याच जागी ठेवून आईची वाट बघतं, त्यामागे हेच डोकं आहे.

"मग बिबट्याला खालच्या यादीत टाका ना"

ही मागणी मधूनमधून जोर धरते. आपल्या आमदाराने कितीही भाषण ठोकलं तरी हा निर्णय राज्याचा नाही, केंद्राचा आहे, हे आधी लक्षात घ्या. समजा केंद्राने टाकलं शेड्यूल दोनमध्ये. मग बदलेल काय? शेड्यूल दोनच्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाशिवाय त्याने अधिकार दिलेला खालचा अधिकारीही आदेश काढू शकतो, आणि कारण म्हणून फक्त माणसाचा जीव नाही तर मालमत्ता, उभं पीक सुद्धा चालतं. शिवाय शेड्यूल दोनच्या प्राण्याला केंद्र ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं, शेड्यूल एकच्या प्राण्याला तसं करता येत नाही. म्हणजे कागद वेगाने फिरेल एवढं खरं. पण ऊस तिथेच राहणार, उकिरडे आणि मोकाट कुत्री तिथेच राहणार, आणि एक बिबट्या गेला की ती जागा दुसरा घेणार. मला विचाराल तर ही मागणी राग शांत करायला बरी आहे, प्रश्न सोडवायला फारशी नाही.

संरक्षण प्राण्याला, जागेला नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि पेपरात याच्याबद्दल फार कमी येतं.

शिकारीची बंदी प्राण्यासोबत फिरते. बिबट्या जंगलात असो, उसात असो नाहीतर सातपूरच्या एखाद्या कंपनीच्या आवारात असो, त्याला हात लावायचा नाही. पण तो जिथे राहतो, खातो, पिल्लं घालतो त्या जागेचं संरक्षण मात्र नकाशावरच्या रेषेत असतं. ती जागा अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर असेल तर तिथे रस्ता, तार, पाईपलाईन, काहीही करायचं म्हटलं की प्रस्ताव वन्यजीव मंडळांकडे जातो. राज्याच्या मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, राष्ट्रीय मंडळाचे पंतप्रधान, आणि रोजचं काम राष्ट्रीय मंडळाची स्थायी समिती बघते. वनजमीन असेल तर १९८० चा वन कायदा आडवा येतो, मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण परवानगीचा अहवाल येतो आणि त्यात आसपासच्या शेड्यूल एकच्या प्राण्यांची नोंद करावी लागते. वाघांच्या कॉरिडॉरसाठी, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायच्या वाटांसाठी, वेगळी तरतूद आहे.

पण रेषेबाहेर, साध्या शेतजमिनीवर, माळरानावर? तिथून विजेची मोठी लाईन न्यायची असेल तर "इथे कुठला दुर्मिळ पक्षी उडतो का" हे विचारायची सक्ती वन्यजीव कायद्यात नाही. आणि पर्यावरण परवानगीच्या नियमात वीज वाहून नेणाऱ्या लाईन आणि सोलर प्रकल्प येतच नाहीत.

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचंच बघा. तिथे सिरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नवीन जात म्हणून नोंद केली, नावातच डोंगर आहे. वन्यजीव कायद्यातल्या वनस्पतींच्या यादीत कित्येक वर्षं जेमतेम सहा नोंदी होत्या आणि हे फूल त्यात नव्हतं. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं म्हणून ते फूल जरा निर्धास्त झालं, कारण संरक्षण डोंगराला मिळालं. त्यामुळेच तिकडे रस्ता करायचा, रोपवे करायचा विषय निघाला की वनस्पतीवाले, पक्षीवाले एकदम उभे राहतात. काहींना ते आडमुठे वाटतात, पण त्यांना माहीत असतं की ही रेषा हललीच तर मग मागे दुसरी रेषा नाही.

एका अभयारण्याला किती धनी

निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर सगळ्यांना माहितीये, थंडीत चापडगावला पक्षी बघायला अर्धं नाशिक जातं. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणगवत तयार झालं आणि पक्ष्यांना जागा आवडली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं.

आता तिथे पाणी कमी झालं किंवा हिरवीगार पाणवेल पसरली की शिव्या खातं वनखातं. सोसायटीत टाकी रिकामी झाली, लिफ्ट बंद पडली, शेजारच्याने गॅलरीतून कचरा टाकला, की आपण समोर दिसतो त्या वॉचमनला सुनावतो, तसं आहे हे. बंधाऱ्याचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या ताब्यात, आणि ते पाणी कोपरगाव, राहाता, वैजापूरच्या शेतकऱ्याचं, आवर्तन ठरलं की सोडावंच लागतं. पाणवेल वाढते सांडपाण्यावर आणि वरच्या अंगाला नाशिक शहर आहे, तिथलं सांडपाणी शुद्ध करून सोडायची जबाबदारी महापालिकेची. महापालिका ते नीट करते का हे बघायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, १९७४ च्या पाणी कायद्याखाली. उसाच्या आणि द्राक्षाच्या शेतातून वाहून येणाऱ्या खतांना तर कुणी धनीच नाही.

आणि तरी गंमत बघा, वन्यजीव कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवायचा, थांबवायचा किंवा वाढवायचा नाही, परवानगीशिवाय, आणि परवानगीसुद्धा तिथल्या वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच. म्हणजे कायद्याने वॉचमनला टाकीचा नळ बंद करू नका म्हणायचा हक्क दिलाय, पण नळाची चावी दुसऱ्याकडे आणि नळ त्याच्या नोकरीच्या आधी सत्तर वर्षांपासून चालू. बंधारा आधीचा, अभयारण्य नंतरचं, शेतकऱ्याचं पाणीही खरं. अशा वेळी खात्याखात्यांनी बसून किमान किती पाणी ठेवायचं हे ठरवणं एवढाच मार्ग उरतो. शिवाय पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, त्यासाठी राज्यात वेगळं पाणथळ प्राधिकरण आहे, रामसर स्थळांना ते नियम लागू होतात, पण जी जागा आधीच वन्यजीव कायद्याखाली येते तिला त्यांतून वगळलंय. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाघाटावर जी कामं चालू आहेत त्यांचं पाणी खाली वाहत याच बंधाऱ्यात जाणार आहे, तेव्हा रामकुंडाच्या स्वच्छतेची चर्चा करताना चापडगावचाही विचार झाला तर बरं.

संक्रांतीचा नायलॉन मांजाही असाच. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, आणि येवल्यात पतंगाच्या दिवसात ती अंमलात आणायची कुणी, तर पोलिसांनी, जिल्हा प्रशासनाने, नगरपालिकेने. घुबड मांज्यात अडकलं की फोन मात्र वनखात्याला.

गिधाडं बंदुकीने नाही मेली

गिधाडांची गोष्ट या सगळ्यात सर्वात बोलकी आहे. त्यांना कायद्याचं संरक्षण होतं, कुणी त्यांची शिकार करत नव्हतं, जंगलं एका रात्रीत तुटली नव्हती. तरी १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली आणि लांब चोचीची गिधाडं ९७ टक्क्यांच्या आसपास. कारण निघालं डायक्लोफेनॅक, आपण अंगदुखीला घेतो तेच औषध. गाई-म्हशींना ते टोचलं जायचं, जनावर मेलं की गिधाड ते मांस खायचं आणि त्याच्या किडन्या निकामी व्हायच्या.

वनखात्याने प्रत्येक कड्याखाली एक गार्ड उभा केला असता तरी एकही गिधाड वाचलं नसतं. बंदीचा अधिकार औषध कायद्याखाली केंद्राच्या आरोग्य खात्याकडे. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या एका डोसच्या पॅकमध्ये विकायचं बंधन आलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली आणि त्यानंतर निमेसुलाईडवरही. पहिल्या बंदीपासून इथपर्यंत यायला सतरा-अठरा वर्षं गेली, आणि शेड्यूल एकमध्ये असण्याचा या सगळ्याला वेग यावा म्हणून काहीही उपयोग झाला नाही, कारण शेड्यूल औषध खात्याला काहीच सांगत नाही.

अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडं दिसतात. हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून गिधाडांसाठी उपाहारगृह चालवतात, मेलेली जनावरं तिथे आणून टाकतात. पण त्या जनावराला मरायच्या आधी कुठलं इंजेक्शन दिलं होतं हे माहीत असतं गावातल्या पशुवैद्यकाला आणि मेडिकलवाल्याला. आपल्या गोठ्यासाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

अमेरिकेतला तीन इंची मासा

"प्रत्येक खात्याला विचारायला लावायचं म्हणजे कामं होणारच नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी. अमेरिकेत १९७३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींचा कायदा झाला आणि त्याच्या कलम ७ मध्ये अशी अट आहे की केंद्र सरकारचं कुठलंही खातं, रस्तेवाले, धरणवाले, लष्कर, कुणीही काम करण्याआधी, पैसे देण्याआधी, परवाना देण्याआधी वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करेल आणि त्या कामाने यादीतली प्रजाती संपायच्या वाटेला लागणार नाही याची खात्री करेल. जागा अभयारण्य असो नसो. म्हणजे आपल्याकडे प्रश्न विचारला जातो की "ही जागा रेषेच्या आत आहे का", तिथे विचारतात "इथे ती प्रजाती आहे का".

टेनेसी राज्यात टेलिको नावाच्या धरणाचं काम चालू असताना नदीत तीन इंचाचा एक मासा सापडला, स्नेल डार्टर. धरण जवळपास बांधून झालं होतं, तरी १९७८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायदा म्हणजे कायदा, धरण थांबवा. मग काय झालं? १९७९ मध्ये तिथल्या संसदेने त्या एका धरणाला कायद्यातून सूट दिली आणि धरण भरलं. मासा आधीच दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडला होता, तिथे तगला, आणखी ठिकाणीही सापडला आणि २०२२ मध्ये तो यादीतून बाहेर पडला. आणि कळस म्हणजे २०२५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती वेगळी प्रजातीच नाही. तेव्हा तो कायदाही काही आदर्श नाही. पण "आधी विचारा" ही सक्ती असूनही त्या देशात रस्ते झाले, धरणं झाली, कारण बहुतेक सल्लामसलतीतून काम थांबत नाही, आराखडा बदलतो.

आपल्याकडे रेषेच्या आतही तेच होतं. राष्ट्रीय मंडळाच्या समितीपुढे जाणारे प्रस्ताव नाकारले जातात त्यापेक्षा मंजूर कितीतरी जास्त होतात, अटी घालून. समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठी अंडरपास, ओव्हरपास आहेत ना, ते आधी अभ्यास करून आराखड्यात घेतले म्हणून आहेत.

कोर्ट मध्ये पडतं तेव्हा

माळढोकाचा प्रश्न याच रेषेबाहेरच्या जागेचा होता. वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, आणि राजस्थान-गुजरातच्या माळावर विजेच्या तारांचं जाळं. तारा बऱ्याच ठिकाणी अभयारण्याबाहेर, म्हणजे वन्यजीव परवानगीचा प्रश्नच नाही. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोठ्या भागात तारा जमिनीखाली न्यायचा आदेश दिला. सरकार म्हणालं खर्च परवडणार नाही, सौरऊर्जेचं काम अडेल, आणि मार्च २०२४ मध्ये कोर्टाने तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. माळढोक एका पारड्यात आणि हवामान बदल दुसऱ्यात, निकाल सोपा नव्हताच. तोवर आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी व्हावी इतकी वेळ आलीय.

कोर्टाचा आदेश म्हणजे सगळं झालं असंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, एकाच जागी सगळे राहिले तर एखाद्या साथीत संपतील, आणि निर्णय माणसाच्या सोयीने नाही तर त्या प्रजातीच्या हिताने व्हावा. आज कुनोत सिंह नाहीत. २०२२ मध्ये तिथे चित्ते आले, नामिबियाहून.

"माणूस महत्त्वाचा की जनावर?"

हा प्रश्न ज्याच्या घरात बिबट्याने माणूस नेलाय त्याने विचारला तर त्याला कायद्याची कलमं सांगू नयेत. बाकीच्यांना सांगता येईल. मुख्य वन्यजीव रक्षकाला परवानगी देताना पहिला निकष माणसाचा जीवच आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर महाराष्ट्रात वारसांना २५ लाख रुपये मिळतात, जनावर मारलं, पीक गेलं तर त्याचीही भरपाई आहे, पण त्याला पंचनामा लागतो, म्हणून जागेला हात न लावता लगेच वनखात्याला कळवायचं.

आणि एक गोष्ट जी वनखात्याच्या कुठल्याच फाईलमध्ये बसत नाही. उसाच्या पट्ट्यात शेतकरी रात्री शेतात का जातो, तर शेतीची थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून. दिवसा वीज मिळाली तर अंधारात बिबट्याची आणि माणसाची गाठच कमी पडेल. हे महावितरणचं आणि ऊर्जा खात्याचं काम, सौर कृषी वाहिनीच्या योजनेत दिवसा वीज द्यायचं चाललंय, पण बिबट्याप्रवण गावांना आधी द्या असं वन्यजीव कायदा ऊर्जा खात्याला सांगू शकत नाही. मला वाटतं पिंजऱ्यांच्या मागणीइतक्याच जोरात ही मागणी ग्रामसभेत झाली पाहिजे.

मग जायचं कुणाकडे

बिबट्या दिसला, साप-पक्षी अडकला, शिकारीचा संशय आला तर वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६, माणसाच्या जिवाला धोका असेल तर ११२. जिल्ह्याला मानद वन्यजीव रक्षक असतात, ते सरकारी नोकर नसतात पण कायद्याने नेमलेले असतात आणि बऱ्याचदा साहेबांपेक्षा लवकर भेटतात. पाणवेल आणि सांडपाण्याची तक्रार महापालिका आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी द्यायची, पोहोच घ्यायची, नुसतं ट्विटरवर टॅग करून कागद तयार होत नाही. वन्यजीव गुन्ह्यात अधिकारी काही करत नसतील तर कुठलाही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, हे कलम ५५ मध्ये आहे आणि फार थोड्यांना माहीत असतं.

राष्ट्रीय हरित लवादाबाबत मात्र बऱ्याच जणांची फसगत होते. त्याचं आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्याला आहे, पण ज्या कायद्यांचे वाद तिथे चालतात त्या यादीत १९७२ चा वन्यजीव कायदा नाही. पाणी प्रदूषण, वनजमीन, पर्यावरण परवानगी, पाणथळ जागा, जैवविविधता कायदा, हे विषय असतील तर लवाद, आणि तेही वाद उभा राहिल्यापासून सहा महिन्यांच्या आत, पर्यावरण परवानगीला आव्हान द्यायचं असेल तर ३० दिवसांतच. पिंजऱ्याचा आदेश, अभयारण्यातली वन्यजीव परवानगी, असं काही असेल तर मुंबईला हायकोर्टात. जाताना ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद, झाली असेल तर तिची प्रत सोबत ठेवायची, कारण त्या जागी तो प्राणी किंवा ती वनस्पती होती हे सांगणारा गावाचा स्वतःचा सरकारी कागद बऱ्याचदा तेवढा एकच असतो.